अक्षर, अंक आणि जोडपान



यंत्राला अक्षर समजत नाहीं, त्याला केवळ अंक समजतो, ही गोष्ट आतां शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक आहे. परंतु ह्या साध्या गोष्टींतून गेल्या दीडशें वर्षांत किती घोटाळे उत्पन्न झाले, आणि त्या घोटाळ्यांनीं आपल्या मराठीचेंहि किती नुकसान केलें, याची कल्पना फार थोड्यांना असते. त्यांपैकीं एका घोटाळ्याची हकीकत मी आज आपणांपुढें मांडणार आहें. संकेतस्थळावरील एखादें पान उघडावें, मधला मजकूर स्वच्छ मराठींत असावा, आणि त्याच पानाच्या माथ्यावर व तळाशीं मात्र अर्थहीन चिन्हांची रांग लागलेली दिसावी, असा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांना आला असेल. एकाच पानावर अक्षरांचे दोन निरनिराळे हिशेब नांदत असल्याचें तें लक्षण होय. हा प्रकार कसा घडतो आणि त्याचें मूळ इतिहासांत कोठवर जातें, हें आज पाहावयाचें आहे.

अक्षराच्या जागीं दुसरी एखादी खूण ठेवण्याची युक्ति संगणकापेक्षां फार जुनी आहे. सॅम्युएल मोर्स यानें १८४४ सालच्या मे महिन्यांत वॉशिंग्टनहून बाल्टिमोर शहरीं तार पाठविली, तेव्हां टिंब आणि रेघ या दोन खुणांनीं सारी रोमन वर्णमाला व्यक्त होऊं शकते हें जगाला दिसलें. मोर्सच्या खुणा कमीअधिक लांबीच्या होत्या. त्या माणसाच्या कानाला सोयीच्या, पण यंत्राला अडचणीच्या. फ्रान्सच्या तारखात्यांतील एमिल बोदो यानें १८७४ सालीं जी पद्धति काढली, तींत प्रत्येक अक्षराला बरोबर पांच स्थानें दिलीं आणि प्रत्येक स्थानीं वीज आहे किंवा नाहीं एवढेंच पाहावयाचें ठरविलें. अशा पांच स्थानांचे एकंदर ३२ प्रकार होतात. रोमन लिपींतील २६ अक्षरें, १० आंकडे आणि विरामचिन्हें इतक्या जागेंत मावणें शक्य नव्हतें. म्हणून एकाच खुणेला दोन अर्थ देण्यांत आले. 'अक्षरें' अशी सूचना आली कीं पुढील सर्व खुणा अक्षरें समजावयाच्या. 'आंकडे' अशी सूचना आली कीं त्याच खुणा आंकडे समजावयाच्या. ही काटकसर मोठी चातुर्याची होती. पण वाटेंत ती एक सूचना गळाली, तर पुढचा सारा निरोप भलत्याच चिन्हांत उमटे.

श्रोत्यांनीं ही तारेची गोष्ट लक्षांत ठेवावी. आपल्या सगळ्या विषयाचें बीज तिच्यांत आहे. खूण जशीच्या तशी पोंचते. तिचा अर्थ कोणत्या करारानें लावावयाचा हें सांगणारी दुसरी सूचना मात्र हरवते, आणि निरोप बिघडतो. भारतांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. परंतु तारेच्या काळांतला हा दोष संगणकानें वारशानें उचलला.

१९६३ सालीं अमेरिकन स्टँडर्ड्‌स असोसिएशन या संस्थेनें 'आस्की' नांवाचा अक्षरसंकेत प्रसिद्ध केला. त्यांत पांचाऐवजीं सात स्थानें होतीं व म्हणून १२८ जागा होत्या. पहिल्या आवृत्तींत रोमन लिपीचीं लहान अक्षरें सुद्धां नव्हतीं. तीं १९६७ च्या आवृत्तींत आलीं. पुढें स्थिर झालेल्या रूपांत ३३ जागा यंत्राला द्यावयाच्या आज्ञांसाठीं आणि ९५ जागा छापण्याच्या चिन्हांसाठीं आहेत. ह्या संकेतांत मोठ्या 'ए' ला ६५ हा अंक मिळाला. त्याच सुमारास, १९६४ सालीं, आयबीएम कंपनीनें आपल्या 'सिस्टिम ३६०' या यंत्रमालिकेसाठीं 'एबसिडिक' हा निराळाच संकेत वापरला. त्यांत तोच 'ए' १९३ झाला. म्हणजे एकाच देशांत, एकाच भाषेच्या एकाच अक्षराला दोन अंक! इंग्रजीचीच ही स्थिति, तर इतर भाषांचें काय झालें असेल, याची कल्पना करावी.

संगणकाचें माप हळूहळू आठ स्थानांचें, म्हणजे एका बाइटचें, ठरून गेलें. आठ स्थानांत २५६ अंक बसतात. खालच्या १२८ जागा आस्कीला दिल्यावर वरच्या १२८ जागा मोकळ्या राहिल्या, आणि त्या मोकळ्या जागेवर प्रत्येक देशानें आपापली वस्ती केली. पश्चिम युरोपासाठीं १९८७ सालीं आयएसओ ८८५९-१ हा संकेत प्रसिद्ध झाला. रशियांत 'कोई-८' ची पद्धति चालू होती. आपल्याकडे भारतीय लिप्यांचें काम कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत झालें आणि पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेंत तें वाढीस लागलें. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें आयएस १३१९४ या क्रमांकानें 'इस्की' हा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. नागरी, बंगाली, गुजराती, तमिळ इत्यादि लिप्यांच्या वर्णमाला एकाच ब्राह्मी मुळापासून निघालेल्या आहेत, हें ओळखून इस्कीच्या कर्त्यांनीं सर्व लिप्यांतील 'क' ला एकच अंक दिला. तो अंक १७९.

आतां गंमत पाहा. इस्कींत १७९ म्हणजे 'क'. तोच १७९ पश्चिम युरोपच्या संकेतांत घाताच्या जागीं लिहिण्याचा बारीक 'तीन' होतो, आणि रशियाच्या कोई-८ मध्यें 'यो' या उच्चाराचें मोठें अक्षर होतो. अंक कागदावर आपली जात लिहून आणीत नाहीं. एकाच चावीनें तीन घरचीं कुलुपें उघडावींत आणि प्रत्येक घरांत निराळेंच सामान निघावें, तसा हा प्रकार. जपानी लोकांत तर एकाच भाषेसाठीं तीन संकेत एकाच वेळीं रूढ असल्यामुळें अक्षरांच्या ह्या रूपांतराला 'मोजिबाके' असें स्वतंत्र नांवच पडलें. 'मोजि' म्हणजे अक्षर आणि 'बाके' म्हणजे भुतासारखें रूप पालटणें.

जोंवर प्रत्येक देशाचा मजकूर त्या देशाच्या यंत्रांत राहत होता, तोंवर ह्या अव्यवस्थेचा त्रास मर्यादित होता. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन-संस्थेंत जागतिक जाळ्याची योजना मांडली आणि थोड्याच वर्षांत सर्वांचे मजकूर सर्वांच्या यंत्रांत जाऊं लागले. ह्या जाळ्यांत पान पाठविणारें यंत्र म्हणजे सर्व्हर, आणि पान वाचून दाखविणारा कार्यक्रम म्हणजे ब्राउझर. सर्व्हर पानाच्या आधीं एक छोटी सूचना पाठवितो. तिला हेडर म्हणतात. ह्या हेडरमध्यें पान कोणत्या अक्षरसंकेतांत आहे हें लिहावयाचें असतें. टपालाच्या पाकिटावरील पत्त्यासारखीच ती सूचना होय. मात्र ती कोणी लिहिली नाहीं, तर मजकूर पश्चिम युरोपच्या ८८५९-१ संकेतांत आहे असें समजावें, हा नियम १९९६ च्या आणि १९९९ च्या एचटीटीपी-नियमावलींत होता. तो २०१४ सालीं काढून टाकण्यांत आला. तोंपर्यंत ज्याच्या पाकिटावर कांहींच लिहिलेलें नाहीं त्याची भाषा युरोपीय, असें गृहीत धरलें जात होतें.

आतां आपण मुख्य विषयाकडे वळूं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या नॅशनल सेंटर फॉर सुपरकॉम्प्युटिंग ॲप्लिकेशन्स या संस्थेंत रॉब मॅकूल यांनीं १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत एक सर्व्हर लिहिला. त्याच सर्व्हरच्या पायावर पुढें १९९५ सालीं 'अपाची' हा सुप्रसिद्ध सर्व्हर उभा राहिला. ह्या सर्व्हरांत एक सोय होती, तिचें नांव 'सर्व्हर-साइड इन्क्लूड'. मराठींत आपण तिला जोडपानाची पद्धति म्हणूं. एखाद्या संस्थेचीं पांचशें पानें असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर तेंच नांव, बाजूला तीच अनुक्रमणिका आणि तळाशीं तोच पत्ता. पत्ता बदलला कीं पांचशें पानें दुरुस्त करावयाचीं! त्याऐवजीं माथा, अनुक्रमणिका आणि तळ हे तुकडे निरनिराळ्या फाइलींत एकदांच लिहून ठेवावे, आणि मुख्य पानांत योग्य जागीं 'येथें अमुक फाइल जोडावी' अशी एका ओळीची आज्ञा घालावी. पान मागविलें जातांच सर्व्हर ती आज्ञा वाचतो, ती जागा त्या फाइलीनें भरून काढतो आणि जोडलेलें पान पुढें पाठवितो. वाचकाला सांधा दिसत नाहीं.

ही युक्ति इतकी सोपी कीं ती जगभर पसरली. शिंपी जसा एकाच तागाचे तुकडे जोडतो, तसें हें काम आहे असें सर्वांना वाटलें. पण सर्व्हर जोडतो ते बाइट, म्हणजे नुसते अंक; अक्षरें तो वाचीतच नाहीं. मुख्य पान एका संकेतांत आहे आणि जोडावयाचा तुकडा दुसऱ्या संकेतांत आहे, हें त्याला कळण्याचा मार्गच नाहीं. कारण फाइलीच्या अंगावर तिचा संकेत कोठेंच लिहिलेला नसतो. तो दोन्ही अंकमाला एकापुढें एक ठेवतो आणि साऱ्या पानाला एकच पाकीट चढवितो. पाकिटावर एकच संकेत लिहितां येतो. आंत मात्र दोन असतात. मग ब्राउझरनें कोणताहि संकेत मानला, तरी पानाचा एक भाग बिघडणारच.

हा बिघाड कसा दिसतो तें समजण्यासाठीं युनिकोडकडे वळलें पाहिजे. जगांतील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक आणि एकच अंक द्यावा, हा विचार जो बेकर यांनीं १९८८ सालीं एका लेखांत मांडला. १९९१ सालीं युनिकोड संघ स्थापन झाला व त्याच वर्षीं पहिली आवृत्ति निघाली. त्यांत नागरी लिपीला २३०४ पासून २४३१ पर्यंतचे १२८ अंक मिळाले, आणि त्यांची मांडणी इस्कीच्याच क्रमानें करण्यांत आली. आपला 'म' त्यांत २३५० आहे. पण २५५ च्या पुढचा अंक एका बाइटांत मावत नाहीं; तो अनेक बाइटांत कसा वांटावयाचा, हा प्रश्न उरला. त्याचें उत्तर केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनीं १९९२ च्या सप्टेंबर महिन्यांत शोधलें. न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत, ताटाखालच्या कागदावर, थॉम्सन यांनीं त्याचा आराखडा मांडला, आणि थोड्याच दिवसांत बेल लॅबोरेटरींतील 'प्लॅन ९' ही यंत्रव्यवस्था त्या पद्धतीवर चालूं लागली. हीच यूटीएफ-८ पद्धति. तींत आस्कीचीं अक्षरें पूर्वीसारखींच एका बाइटचीं राहतात, आणि नागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटचें होतें. 'म' चे तीन अंक २२४, १६४ आणि १७४ असे आहेत. 'मराठी' या शब्दांत मात्रा धरून पांच चिन्हें आहेत. म्हणजे एकंदर पंधरा बाइट.

आतां हे अंक पश्चिम युरोपच्या संकेतानें वाचले म्हणजे काय होतें? २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान 'ए'. १६४ म्हणजे नाण्याची एक सर्वसाधारण खूण. १७४ म्हणजे वर्तुळांतला 'आर', जो व्यापारी नांवांच्या मागें लावतात. एका 'म' च्या जागीं हीं तीन भुतें उभीं राहतात. नागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असल्यामुळें तो रेघवाला 'ए' दर तिसऱ्या जागीं येतो. दुसरा बाइट बहुतेक सर्व स्वर आणि व्यंजनें यांना १६४ असतो. दीर्घ ईकार, उकार, एकार, हलन्त आणि नागरी आंकडे यांना तो १६५ होतो, आणि त्या जागीं जपानी 'येन' नाण्याची खूण उमटते. असे 'ए' आणि अशीं नाणीं पानावर विखुरलेलीं दिसलीं, तर मजकूर नष्ट झाला असें समजूं नये. तो शाबूत आहे, फक्त भलत्या कराराप्रमाणें वाचला जात आहे.

उलट प्रकारहि होतो. पानाचा मुख्य भाग यूटीएफ-८ मध्यें आणि तळाचा तुकडा जुन्या युरोपीय संकेतांत असला, तर तळांतील स्वामित्वहक्काची वर्तुळांकित 'सी' ही खूण १६९ या एकट्या बाइटानें येते. यूटीएफ-८ च्या नियमांत असा एकटा १६९ बेकायदा ठरतो, आणि ब्राउझर त्याच्या जागीं काळ्या चौकटींतलें प्रश्नचिन्ह दाखवितो. तीच खूण यूटीएफ-८ मध्यें लिहून युरोपीय संकेताच्या पानांत जोडली, तर 'सी' च्या अलीकडे टोपी घातलेला मोठा 'ए' फुकट येऊन बसतो. जगांतील लाखों पानांच्या तळाशीं हा टोपीवाला पाहुणा वर्षानुवर्षें मुक्काम करून होता.

जोडपानांतील आणखी कांहीं घोटाळे इतके सूक्ष्म आहेत कीं ते शोधतांना अनुभवी माणसेंहि थकत. पहिला घोटाळा प्रस्तावना-चिन्हाचा. कांहीं लेखन-कार्यक्रम यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभीं २३९, १८७, १९१ हे तीन बाइट खूण म्हणून घालतात. फाइल एकटी असतां ती खूण निरुपद्रवी असते. पण तीच फाइल दुसऱ्या पानाच्या पोटांत जोडली कीं ती अदृश्य खूण मजकुराच्या मध्यभागीं येते, आणि पानांत कारण नसतां एक रिकामी ओळ किंवा फट पडते. डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, म्हणून दोष सांपडत नाहीं. विंडोजमधील नोटपॅड ही खूण आपोआप घालीत असे. २०१९ सालीं त्याची ती संवय सुटली. दुसरा घोटाळा दोन-दोन बाइटांच्या यूटीएफ-१६ पद्धतीचा. अशा फाइलींत प्रत्येक रोमन अक्षराशेजारीं एक शून्य बाइट असतो. त्यामुळें सर्व्हरला जोडण्याची आज्ञा ओळखूंच येत नाहीं, आणि पान अर्धवट राहतें. तिसरा घोटाळा सर्व्हर स्वतः जी माहिती छापतो तिचा. अपाचीच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेंतच अशी सूचना होती कीं, छापतांना विशेष चिन्हें सुरक्षित करण्याची क्रिया ८८५९-१ संकेत धरून चालते, आणि मजकूर दुसऱ्या संकेतांत असल्यास अपेक्षित फळ मिळेलच असें नाहीं. चौथा घोटाळा अधिकाराचा. पानाच्या पोटांत संकेताची सूचना लिहिली, पण सर्व्हरच्या हेडरमध्यें निराळा संकेत असला, तर एचटीएमएलच्या नियमाप्रमाणें हेडरचें म्हणणें खरें मानलें जातें. पुष्कळ लेखकांनीं पानांत 'यूटीएफ-८' असें स्वच्छ लिहिलें, आणि व्यवस्थापकानें कधीं काळीं घातलेल्या एका ओळीनें तें सारें व्यर्थ केलें.

मराठीच्या वांट्याला ह्यांखेरीज आणखी एक दुर्दशा आली. युनिकोड घरोघर पोंचण्यापूर्वीं, म्हणजे १९९० ते २००५ च्या सुमारास, आपल्याकडील वृत्तपत्रें, कचेऱ्या आणि छापखाने निरनिराळ्या कंपन्यांचे अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, वापरीत होते. ह्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या अंकावरच नागरी अक्षराचें चित्र बसविलेलें असे. 'कृतिदेव' या प्रसिद्ध हिंदी फॉन्टांत 'राम' हा शब्द यंत्राच्या दृष्टीनें 'जे, के, ई' हीं तीन रोमन अक्षरें असतो. फॉन्ट आहे तोंवर राम, फॉन्ट गेला कीं जे-के-ई. मराठींतहि अशा फॉन्टांचे अनेक प्रकार झाले आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा. अशा पानाला युनिकोडमधील तुकडा जोडला, तर ब्राउझरला कोणतीहि चूक आढळत नाहीं, कारण त्याच्या लेखीं दोन्ही मजकूर नियमानुसार शुद्ध असतात. एक मराठी आणि दुसरा अगम्य इंग्रजी! हा रोग सर्वांत वाईट, कारण यंत्र त्याला रोग म्हणतच नाहीं. अशा रीतीनें सांठविलेल्या लेखांत कोणी नांव शोधूं लागला तर तें सांपडत नाहीं. आपल्या भाषेंतील कित्येक वर्षांचें लेखन ह्या कारणानें डोळ्यांपुढें असूनहि शोधाच्या कक्षेबाहेर राहिलें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अक्षरांची हानि दोन प्रकारची असते. एक परत भरून येणारी आणि दुसरी कायमची. मजकुराचे बाइट अबाधित असून केवळ वाचनाचा करार चुकला असेल, तर योग्य करार सांगतांच अक्षरें पूर्ववत् होतात. पण तो चुकीनें वाचलेला मजकूर कोणी पुन्हां लिहून ठेवला, तर चुकीवर चूक चढते. तीन बाइटांचा 'म' अशा एका फेऱ्यांत सहा बाइटांचा होतो. दुसऱ्या फेऱ्यांत त्याहून मोठा. आणि ज्या संकेतांत मराठी अक्षराला जागाच नाहीं अशा संकेतांत तो मजकूर सांठविला, तर प्रत्येक अक्षराच्या जागीं साधें प्रश्नचिन्ह लिहिलें जातें. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ नांव परत काढण्याची विद्या कोणाजवळ नाहीं.

मराठी लिपीला ह्या फेऱ्यांत एक खास धोका आहे. विंडोजच्या पश्चिम युरोपीय संकेतांत २५६ पैकीं पांच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आतां योगायोग असा कीं, आपल्या हलन्ताचा तिसरा बाइट १४१ आहे. ऱ्हस्व उकाराचा आणि चंद्रबिंदूचा १२९. 'ए' चा १४३, 'ऐ' चा १४४ आणि 'झ' चा १५७. कांहीं रूपांतर-कार्यक्रम ह्या रिकाम्या जागांवरील बाइट टाकून देतात. मग मजकूर पुन्हां दुरुस्त करावयास घेतला, तरी बाकीचीं अक्षरें परत येतात आणि हीं येत नाहींत. 'महाराष्ट्र' या शब्दांत दोन हलन्त आहेत. 'लक्ष्मी' या नांवांतहि दोन आहेत. जोडाक्षर हा तर मराठी लेखनाचा कणा. आणि नेमका तोच मोडतो. परीक्षेचा निकाल, मतदारांची यादी, जमिनीचा उतारा अशा कागदांत नांवाचें एक अक्षर गळणें म्हणजे एका माणसाची ओळख संशयांत पडणें होय. अक्षरसंकेताचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाहीं, तो येथें नागरिकाच्या दाराशीं येतो.

यूटीएफ-८ ही पद्धति जोडपानाला विशेष अनुकूल ठरली, त्याचें कारण तिच्या घडणींतच आहे. आस्कीचे अंक ती कोणत्याहि मोठ्या अक्षराच्या पोटांत येऊं देत नाहीं. म्हणून सर्व्हरला आपली आज्ञा पूर्वीसारखीच ओळखतां येते. पहिल्या बाइटावरून पुढें किती बाइट आहेत हें कळतें, आणि मागून येणाऱ्या बाइटांची कक्षा निराळी असल्यामुळें एक बाइट गळाला तरी पुढच्या अक्षराशीं यंत्र पुन्हां ताळ्यावर येतें. बोदोच्या तारेंत एक सूचना गळली कीं सारा निरोप बिघडे. येथें एकच अक्षर बिघडतें. शुद्ध यूटीएफ-८ चे दोन तुकडे जोडले, तर जोडलेलें पानहि शुद्धच राहतें. डिसेंबर २००७ मध्यें गूगलच्या पाहणींत ही पद्धति आस्की आणि पश्चिम युरोपीय संकेत या दोघांच्याहि पुढें गेली. आज जाळ्यावरील शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णवांहून अधिक स्थळें ती वापरतात, आणि एचटीएमएलच्या चालू नियमांत तीच एक पद्धति मान्य आहे.

तरी सर्व कांहीं सुटलें असें नाहीं. 'तऱ्हा', 'दऱ्या' या शब्दांतील आपला खास मराठी अर्धा 'र' युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहितां येतो; डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन्ही भिन्न. माथ्याच्या तुकड्यांत एक रीत आणि मुख्य पानांत दुसरी असली, तर शोध फसतो. 'ॲ' या अक्षराला स्वतःचा अंक २००८ सालीं मिळाला. त्यापूर्वींच्या फाइलींत तें निरनिराळ्या जोडणीनें लिहिलेलें आढळतें. मोडी लिपीला युनिकोडमध्यें २०१४ सालीं जागा मिळाली, आणि तिचें प्रत्येक अक्षर चार बाइटांचें आहे. तीन बाइटांपुढें न जाणारीं जुनीं सांठवणयंत्रें तें स्वीकारीत नाहींत. पेशवे-दफ्तरासारख्या मोडी कागदांचें लेखन जे कोणी ह्या पद्धतीनें करूं पाहतील, त्यांनीं आपलें यंत्र आधीं तपासून घ्यावें.

ज्यांच्याकडे एखाद्या ग्रंथालयाचें, शाळेचें किंवा नगरपालिकेचें स्थळ सांभाळण्याचें काम आहे, त्यांना ह्या इतिहासांतून निघणारी शिकवण थोडक्यांत सांगतों. पानाचे सर्व तुकडे यूटीएफ-८ मध्येंच, प्रस्तावना-चिन्हाशिवाय ठेवावे. सर्व्हरच्या हेडरमध्यें तोच संकेत स्पष्ट लिहावा आणि पानांतहि लिहावा. प्रत्येक तुकड्यांत हलन्त, उकार आणि 'झ' येईल असा एखादा शब्द घालून तो ब्राउझरांत वाचून पाहावा. इंग्रजी शब्दांवरून परीक्षा करूं नये, कारण इंग्रजी अक्षरें ह्यांपैकीं बहुतेक पद्धतींत शाबूत दिसतात आणि दोष लपवितात. जुना फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें आणतांना मूळ फाइल कधींहि पुसूं नये, आणि ती कोणत्या फॉन्टांत होती हें तिच्याशेजारीं लिहून ठेवावें. तें एक नांव जपलें, तर पन्नास वर्षांनींहि कोणी अभ्यासक ती फाइल उलगडूं शकेल. तें हरवलें, तर पुढच्या पिढीच्या हातीं अंक राहतील, पण अक्षरें राहणार नाहींत.